डब्याचं झाकण आणि मागचं चाक

मानवजातीच्या इतिहासात चाकाचा शोध ही पहिली मोठी घटना आणि त्या चाकाचे स्पोक झाकण्याचा शोध ही दुसरी, असं मधुकर कळंबे सरांचं विचारपूर्वक बनलेलं मत होतं. पहिल्या शोधाला माणसाला काही हजार वर्षं लागली. दुसऱ्याला सरांना एक जुनं धोतर, अर्धा किलो मैदा आणि बायकोचा फराळाचा डबा लागला.

सर पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. वय एकेचाळीस, उंची बेताची, सायकल काळी. १९८५ च्या उन्हाळ्यात शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक आलं. ते निघालं होतं आदल्या वर्षी. पांढुर्ण्याला पोचायला त्याला तेवढा वेळ लागला. त्यात ऑलिंपिकमधल्या सायकलींचे फोटो होते. त्या सायकलींच्या चाकांत स्पोक दिसतच नव्हते. ताटासारखी सपाट, भरीव चाकं. पुढच्या पानावर ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीची माहिती होती. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि तिन्ही कामं मध्ये न थांबता करायची. तिथेही एक ओलाचिंब माणूस अशाच चाकाच्या सायकलवर बसलेला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जगात आपल्याला काही कमी नाही असा भाव होता.

सरांनी ते मासिक घरी नेलं. नोंदवहीत सही करून नेलं, कारण चोरी त्यांना जमत नसे.

कारण साधं होतं. आपल्या सायकलच्या मागच्या चाकात चाळीस स्पोक असतात. चाक फिरतं तेव्हा प्रत्येक स्पोक हवा कापतो, म्हणजे चाळीस सुऱ्या सतत चालू. चाक झाकून टाकलं की कापाकापी बंद. हवा त्यावरून घसरून निघून जाते. सरांनी वहीत आकडेमोड केली. पांढुर्णा ते सौंसर या रस्त्यावर साडेतीन मिनिटं वाचत होती.

शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत सरांकडे रोज साडेसहा तास शिल्लक असत. त्यात आणखी साडेतीन मिनिटांची भर कशाला, हे त्यांना कोणी विचारलं नाही. घरात विचारणारं कोणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण सौंसरला होतं. सरांची बायको उषाबाई तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि त्या भावाकडे राहू लागल्या. आधी दर शनिवारी यायच्या. मग एक शनिवार आड. मग पेपर तपासायचे असायचे, मग भाच्याची मुंज निघाली, मग पाऊस. मग सणावारी. मग सणही परस्पर व्हायला लागले. भांडण झालं असतं तर चार माणसं मिटवायला आली असती. आमच्याकडे लोक त्या कामाला हौशीनं येतात. पण भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायला कोणाला काही सापडेना. सरांना वाटायचं, तिनं यावं. उषाबाईंना वाटायचं, यांनी बोलवावं. दोघंही शिक्षक असल्यामुळे उत्तर समोरच्यानं द्यायची वाट पाहायची सवय होती.

शिल्लक राहिला होता एक डबा. ॲल्युमिनियमचा, आमच्याकडे ज्याला जर्मनचा डबा म्हणतात तो. गोल, वीतभर रुंद, झाकणावर खिळ्यानं ठिपके ठोकून काढलेली अक्षरं: सौ. उषा म. कळंबे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सौंसर-पांढुर्णा बसचा कंडक्टर गुणवंता तो घेऊन यायचा. आत चिवडा आणि शंकरपाळे. चिठ्ठी नसायची. संक्रांतीला सर तो घासूनपुसून तिळाच्या रेवड्या भरून परत पाठवायचे. त्यातही चिठ्ठी नसायची. रिकामा डबा परत पाठवायचा नाही आणि भरलेला ठेवून घ्यायचा नाही, एवढा एक नियम त्या संसारात शाबूत होता. गुणवंता डब्याचं तिकीट फाडत नसे. त्याच्या मते ते माणूस नव्हतं आणि सामानही नव्हतं.

चाकाचं काम पावसाळ्यानंतर सुरू झालं. सायकल दुरुस्त करणारा नत्थूजी साठीचा होता. बाजारात त्याचं दुकान होतं आणि दुकानात सतत चहाचा स्टोव्ह पेटलेला असे. सरांनी त्याला मासिकातला फोटो दाखवला. नत्थूजीनं तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"गुरुजी, हे त तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचं चाक हाये," तो म्हणाला. "हे पोरं लहानपणीच ओढतेत. तुमाले आता आठवलं?"

सरांनी त्याला हवेचा रोध समजावून सांगितला. नत्थूजीनं तो ऐकून घेतला, कारण चहा अजून व्हायचा होता. मग दोघांनी सरांचं धोतर फाडलं. कापसाच्या गाठी शिवायच्या दोऱ्यानं ते रिमच्या आतून स्पोकांवर ताणून बसवलं, मैद्याची खळ चोपडली आणि उन्हात ठेवलं. वाळल्यावर ते डफासारखं ताणलं गेलं. नत्थूजीनं त्यावर दोन थापा मारून पाहिल्या आणि सूर ठीक आहे म्हणाला.

पहिल्यांदा हे चाक पुढे लावलं. सर सावरगावच्या पुलावर गेले, तिथे आडवा वारा आला आणि हँडल त्यांच्या हातात असूनही निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही. रेल्वेस्टेशनकडे निघालेले सर सावरगावात पोचले. ओळखीच्या कोणीतरी इकडे कुठं म्हणून विचारलं, तेव्हा सर खरं तेच बोलले, की वाऱ्यानं आणलं. त्यानंतर पुढचं चाक उघडं ठेवून फक्त मागचं झाकायचं ठरलं.

अडचण मध्यभागी होती. आसाजवळ धोतराची कड धरून ठेवायला काहीतरी कडक, हलकं आणि गोल हवं होतं. पत्र्याचं जड व्हायचं, पुठ्ठ्याचं गळून पडायचं. पंधरा दिवस सर गोल वस्तू शोधत हिंडले. आणि मग दिवाळी आली, गुणवंता आला, डबा आला. सरांनी सवयीनं झाकण काढलं, हातात धरलं आणि तसेच उभे राहिले. वीतभर रुंद. कडेला दुमड. वजन जवळपास नाहीच.

चिवडा त्यांनी परातीत ओतला आणि डबा नत्थूजीकडे नेला. झाकण डाव्या बाजूला, बूड उजव्या बाजूला, मध्ये आसापुरतं भोक. नत्थूजीनं छिन्नी उचलली, झाकणाकडे पाहिलं आणि छिन्नी खाली ठेवली.

"गुरुजी, ह्याच्यावर बाईचं नाव हाये."

"नावाला वजन नसतं," सर म्हणाले.

नत्थूजीनं स्टोव्हवरचा चहा उतरवून ठेवला. मग त्यानं छिन्नी परत उचलली. डब्याचा मधला गोल भाग, म्हणजे ना झाकण ना बूड अशी नळी, दुकानातच राहिली. शेवटी चाकाला तेलरंग द्यायचा होता. दुकानात एकच डबी शिल्लक होती, मारुतीच्या पाराचं काम झाल्यावर उरलेली. रंग शेंदरी. सरांना रंगाशी कर्तव्य नव्हतं, गुळगुळीतपणाशी होतं.

नवा डबा घेऊन पाठवून द्यायचा, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. जानेवारीत ते भांड्यांच्या दुकानात गेले आणि चांगला स्टीलचा डबा घेतला. दुकानात नाव कोरायचं यंत्र होतं. ते चालवणाऱ्यानं यंत्राची सुई टेकवली आणि विचारलं, "नाव काय टाकू जी? सौ. लावू ना?"

प्रश्न रोजचाच होता. त्या माणसानं त्या दिवशी तो तीसेक जणांना विचारला असेल. सर झाकणाकडे बघत राहिले. सौ. म्हणावं तर कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी दुसरा कप विसळला नव्हता. न म्हणावं तर ते लिहून दिल्यासारखं. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

तो उद्या आला नाही. बिननावाचा डबा पाठवण्यात अर्थ नव्हता. तो कोणाचाही असू शकतो. संक्रांत गेली. रेवड्या सरांनी स्वतः खाल्ल्या, रोज दोन.

फेब्रुवारीत गुणवंतानं बस थांब्यावर उभी करून त्यांना गाठलं. सौंसरला बाईंनी विचारलं होतं, डबा दिला का म्हणून. त्यानं नाही म्हणून सांगितलं होतं. "मंग काय जी," तो म्हणाला. "पिशवी आणली होती, ते घडी करून घेऊन गेल्या."

डबा अडवून ठेवला म्हणजे संबंध संपवला, हे आमच्याकडे कोर्टाच्या कागदाइतकं पक्कं धरतात. कोर्टाच्या कागदावर अपील तरी असतं. सरांना हे ठाऊक होतं. आणि आता पुढच्या दिवाळीला गुणवंता रिकाम्या हातानं उतरणार, हेही ठाऊक होतं.

मार्चमध्ये परिपत्रक आलं. सातपुडा क्रीडा मंडळ नावाच्या एका नव्या मंडळानं त्रिविध स्पर्धा ठेवली होती: पांढुर्ण्याच्या तळ्यात पोहणे, सौंसरपर्यंत सायकल, सौंसरच्या शाळेच्या मैदानावर पाच चकरा पळणे. मंडळाचे चिटणीस बाहेरगावचे होते. त्यांनी एप्रिलमधली सरकारी सुटी बघून तारीख ठरवली. सुटी कशाची आहे हे कॅलेंडरवर बारीक अक्षरात होतं. परिपत्रकाखाली कामवाटप होतं. सौंसर मैदान, वेळ नोंदवणे व लिंबूपाणी, सकाळी नऊ ते अकरा: श्रीमती कळंबे.

सरांनी ती ओळ अनेकदा वाचली. मग नाव नोंदवलं.

बस तासातासाला होती. झाकण पिशवीत घालून ते एखाद्या रविवारी जाऊ शकले असते. पण झाकण पिशवीतून नेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. तेच झाकण चाकावर बसवून, वेळेत, घड्याळ धरून उभ्या असलेल्या बाईसमोर नेणं म्हणजे प्रयोग दाखवणं. एकदा तिनं ते फिरताना पाहिलं की डबा का अडला हे आपोआप समजेल. बोलावं लागणार नाही. सरांचा सगळा भरवसा या शेवटच्या मुद्द्यावर होता. साडेनऊपर्यंत पोचायचं. फार तर दहा. अकराच्या आत.

महिनाभर ते पहाटे तिगावच्या रस्त्यावर सराव करत होते. रेल्वेच्या फाटकावर रोज मालगाडी आडवी यायची. फाटकवाला म्हणायचा, "थांबा." गाडी गेल्यावर म्हणायचा, "जा." शाळेत शिकवणं सोडलं तर सरांचं दिवसभरातलं बहुतेक संभाषण एवढंच असे, आणि ते त्यांना पुरत होतं असं ते म्हणत. म्हणायचे कोणाला, हा प्रश्न आहे.

स्पर्धेच्या सकाळी तळ्यावर सहा स्पर्धक होते. एप्रिलमध्ये तळ्यात छातीइतकं पाणी होतं. नियमात पोहावे असं होतं, पण चालू नये असं कुठे नव्हतं, त्यामुळे पाच जण बऱ्यापैकी वेगानं चालत पलीकडे गेले. सर एकटे पोहले. ते सहावे बाहेर आले. कॅनव्हासचे बूट पळण्यासाठी कोरडे राहावेत म्हणून त्यांनी कॅरिअरला बांधले होते. अंगात ओली बंडी, ओली हाफपँट, पाय अनवाणी. चिटणिसांनी शेंदरी चाकाकडे पाहून वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

रस्ता मोकळा नव्हता. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सरांच्या लक्षात आलं की आज लोक पायी चालले आहेत, झुंडीनं, झेंडे घेऊन, सगळे एकाच दिशेला. सुटी हनुमान जयंतीची होती. आणि सौंसरच्या अलीकडे, त्याच रस्त्यावर, जामसांवलीचा मारुती होता.

तरी सायकल चांगली चालली होती. वारा अजिबात नव्हता, त्यामुळे चाकाचा फायदा किती होतो आहे ते कळायला मार्ग नव्हता. पण तोटा होत नव्हता. लोक बाजूला होत होते. नुसते बाजूला होत नव्हते, हात जोडत होते. सरांना वाटलं, खेळाडूबद्दल समाजात आदर वाढतो आहे. त्यांनी दोन-चार जणांना मान लववून उत्तरही दिलं.

जामसांवलीच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर रस्त्याच्या डाव्या अंगाला मांडव होता. तिगावकडचे एक संत्र्याचे बागाईतदार भगवंतराव दरवर्षी तिथे भंडारा घालायचे, येईल त्याला जेवण. मांडवासमोर पंचवीस-तीस माणसं रस्त्यावरच उभी होती. सरांनी घंटी वाजवली. कोणी हललं नाही. एकानं हँडल धरलं, दुसऱ्यानं कॅरिअर, आणि सायकल जशी आली तशी मांडवात गेली.

सरांनी सांगितलं की ते घाईत आहेत. लोक म्हणाले, नवसाच्या माणसाला घाई असतेच. सरांनी सांगितलं की हा नवस नाही. हे ऐकून लोकांना त्यांच्याबद्दल आणखी आदर वाटला. नवस बोलून दाखवू नये असं म्हणतात. ओलेत्यानं (तळ्याचं पाणी केव्हाच वाळलं होतं, हा घाम होता) निघालेला माणूस, अनवाणी, हनुमान जयंतीला, मागचं अख्खं चाक शेंदरी मढवून. यात समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांनी हवेच्या रोधाचा उल्लेख केला. एकानं त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला.

पुऱ्या लाटणाऱ्या बायकांत शकुबाई नावाची एक म्हातारी होती. ती उठून आली, चाकाशी वाकली आणि झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाये, पाह्य ना," ती भगवंतरावांना म्हणाली.

भगवंतराव चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले. "सौ. उषा म. कळंबे." पुऱ्यांची लाटणी थांबली.

"घरची हाये का बाबू?" शकुबाईनं विचारलं.

सरांनी झाकणाकडे पाहिलं. मधल्या काळात तिथे त्यांना फक्त व्यास दिसत आला होता.

"हो," ते म्हणाले.

"बिमार हाये?"

मागे तीस माणसं उभी होती, पण कोणालाही घाई नव्हती. उद्या सांगतो म्हणायची सोय नव्हती. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"पाच वर्षं झाली," सर म्हणाले.

शकुबाईनं तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं, पदरानं पाय पुसले आणि वाटीतला शेंदूर घेऊन झाकणावर नावाच्या वरच्या अंगाला एक मोठा टिळा लावला. "बरी होईन," ती म्हणाली. "जेवून घे. उपाशी चालला त देवाले पावत नाही." सर बसले. पुरी, भोपळ्याची भाजी, बुंदी. बऱ्याच काळानंतर त्यांना पहिल्यांदाच कोणी आग्रह करून वाढत होतं, आणि नको म्हणायचं कसं हे ते विसरून गेले होते. तिसऱ्या वेळी वाढायला आले तेव्हाही त्यांनी पान पुढे केलं.

दहा वाजता त्यांना सोडलं. हँडलला नारळ बांधला होता. पुढच्या मांडवापर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. तिथे पुन्हा पाय, पुन्हा टिळा, पुन्हा पान, आणि दुसरा नारळ. तिसऱ्या मांडवातल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याला सरांकडे बोट दाखवून काहीतरी ऐकवलं. नवरा खाली बघत राहिला. बाकीच्या पाच स्पर्धकांना कोणीही अडवलं नाही. त्यांची चाकं साधी होती.

मांडवातून निघताना एकदा धूळ उडवत बस गेली. मागच्या दारात गुणवंता लटकला होता. त्यानं चाक पाहिलं, झाकण पाहिलं, नारळ पाहिले. तो काही ओरडला नाही, ही त्याच्या बाबतीत असामान्य गोष्ट होती.

सर सौंसरच्या मैदानावर पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. कमान उतरवली होती. मांडवाचे बांबू एका बैलगाडीत भरणं चालू होतं. पाचही स्पर्धक केव्हाच बक्षीस घेऊन गेले होते आणि चिटणीसही गेले होते, कारण सुटी होती. मैदानाच्या टोकाला एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर वही आणि रिकामी बादली. खुर्चीवर उषाबाई बसल्या होत्या.

चिटणिसांनी जाताना त्यांना सहाव्या नावापुढे अनुपस्थित असं लिहून वही बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं नव्हतं. माणूस आला की नाही हे पाहिल्याशिवाय लिहायची त्यांची पद्धत नव्हती; वर्गातही नव्हती.

सर सायकलवरून उतरले. चाक फिरताना दाखवायचं होतं, पण उतरल्यावर ते फिरायचं थांबलं. आता ते नुसतंच उभं होतं, शेंदूर, हळद आणि बुंदीच्या तेलकट बोटांचे ठसे घेऊन. उषाबाई उठल्या, खाली वाकल्या आणि अंगठ्यानं झाकणावरचा शेंदूर थोडा पुसला. स्वतःचं नाव वाचलं. त्याला इतका वेळ लागायला नको होता.

"झाकण माझं आहे," त्या म्हणाल्या.

"हो. मधे कडक काहीतरी हवं होतं. वजन कमी म्हणून." सर थांबले. एरवी ते इथून पुढे तासभर बोलू शकले असते. "नवा आणला आहे. नाव घालायचं राहिलं."

"का?"

"सौ. लावू का विचारत होता."

बैलगाडीवाल्यानं बांबू आपटला. उषाबाई खुर्चीवर जाऊन बसल्या.

"मी पाच वर्षं आजारी आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "गुणवंता मैदानात येऊन सांगून गेला. रस्त्यात चढलेल्या लोकांकडून सगळ्या बसनं ऐकलं होतं. दोन बायका भेटायला येऊन गेल्या, एकीनं अंगारा आणला."

"त्यांनी विचारलं. मग मी..."

"बरी आहे मी," उषाबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

सर उन्हात उभे होते. सावलीत दुसरी खुर्ची नव्हती आणि झाडाखाली या असं त्या म्हणाल्या नाहीत. पण वही उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पाच चकरा बाकी आहेत तुमच्या."

सरांनी कॅरिअरवरचे बूट सोडले आणि घातले. पोटात तीन मांडवांचं जेवण होतं. मैदानावर दुसरं कोणी नव्हतं, बैलगाडीही निघाली. ते पळायला लागले, म्हणजे पळण्याच्या पद्धतीनं चालायला लागले. दर चकरीला झाडासमोर आले की उषाबाई आकडा मोठ्यानं म्हणायच्या. एक. दोन. तिसऱ्या चकरीत सर मधेच थांबले, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. उषाबाईंनी घड्याळ पाहिलं. पण निघून गेल्या नाहीत. मग तीन. चार. पाच म्हणताना त्या उभ्या राहिल्या, आणि वहीत वेळ लिहून त्यापुढे सही केली.

"कितवा?" सरांनी विचारलं.

"सहावा."

सरांनी हँडलचे दोन्ही नारळ सोडले आणि टेबलावर ठेवले. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. उषाबाईंनी पिशवी उघडली, तीच घडी केलेली पिशवी, आणि त्यात एक नारळ टाकला. दुसरा सरांकडे सरकवला. मग वही काखेत मारली, बादली उचलली आणि घराच्या वाटेला लागल्या. दहा-बारा पावलांवर थांबल्या.

"डब्याचं बाकीचं कुठं आहे?"

"पांढुर्ण्यात. नत्थूजीच्या दुकानात."

"आहे ना पण?"

"आहे," सर म्हणाले.

त्या गेल्या. सर सायकल बसच्या टपावर टाकून परत आले. गुणवंतानं सायकलचं तिकीट फाडलं.

डब्याचं बाकीचं अजून नत्थूजीच्या दुकानात आहे. चहाच्या स्टोव्हला वारा लागू नये म्हणून त्यानं ती नळी स्टोव्हभोवती उभी केली आहे. वारा अडतो.